पडवळ डॉक्टरांची ढवळी

परवा पुन्हा तसलाच फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"शेठ, ते ड्रोनवाले डॉक्टर तुमच्याच शेजारी ना? बहिणीचं लगीन हाय. वरून शूटिंग पायजे व्हतं."

मी म्हटलं, "डॉक्टर वारले. आणि ड्रोनवाले नव्हते ते."

"आसं व्हय. मंग त्यांचा ड्रोन कोणाकडं हाय आता?"

मी फोन ठेवून दिला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून तोंडात आलेलं गिळलं. माणसानं उभा जन्म या भागातल्या अडलेल्या गाई-म्हशी मोकळ्या करण्यात घालवावा, पाऊसपाण्यात कोपरापर्यंत हात घालून वासरं बाहेर काढावीत, आणि मागं नाव काय राहावं? ड्रोनवाले! डॉक्टर असते तर माझ्यापेक्षा जास्त तापले असते. गाईनं लाथ मारली तरी हसणारा माणूस, पण त्या एका शब्दाला लाल व्हायचा.

पडवळ डॉक्टर म्हणजे आमच्या कळंबचे जनावरांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना, त्याला लागून घर, आणि माझं शेतीच्या औषधांचं दुकान, मध्ये एक भिंत. उंच, हाडकुळा माणूस. पांढरा हाफ शर्ट, गुडघ्याला शेणाचे डाग पडलेली पँट आणि पँटचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत कांद्याची सालं असायची. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, गेले की जनावर बघायच्या आधी खाली पडलेला तो हलका, तांबूस पापुद्रा दोन मुठी खिशात भरायचे. शेतकऱ्याला वाटायचं, डॉक्टर काहीतरी झाडपाल्याचं औषध करतात. शालिनीवहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला भिंतीपलीकडून सांगायच्या, "सोपानभाऊ, मशिनमध्ये कपडे टाकले की वरती सालं तरंगतात. माझ्या साड्यांना कांद्याचा वास येतो. या माणसाला काय म्हणावं?"

सालं वारा बघायला होती. डॉक्टरांना बिनमोटरची विमानं उडवायचा नाद होता. फोमची, लाकडाची, स्वतःच्या हातानं बनवलेली. हातात ट्रान्समीटर, त्यावर दोन बारक्या दांड्या. त्या अंगठ्यानं हलवल्या की आतल्या बारक्या बॅटरीवर विमानाची शेपटी हलते, पंखाची कड हलते आणि ते वळतं. उडायचं मात्र वाऱ्यावर. वारा येऊन डोंगराच्या उतारावर आदळला की त्याला पुढं जायला वाट नसते, तो वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यात विमान धरून ठेवायचं. घार ठेवते तसं. पंख न हलवता, तासन्‌तास. एवढाच खेळ. ना बक्षीस, ना स्पर्धा, ना बघायला कोणी.

डोंगराच्या कडेला उभं राहून डॉक्टर खिशातून चिमूटभर सालं काढायचे आणि हात पुढं करून सोडायचे. सालं खाली पडली की खाली बसायचे. सालं आडवी उडाली की, "थांब, अजून भरला नाही." सालं तोंडासमोरून सरळ आभाळात चढली, की मग त्यांच्या तोंडावर जे काही यायचं ते मी दुसऱ्या कुठल्या कामात बघितलं नाही.

पण सालं चढायची कधी? हा खरा प्रश्न. मी यात कसा सापडलो ते सांगतो. माझ्याकडं व्हॅन होती. जुनी, मालाची. डॉक्टरांच्या मोटरसायकलवर विमान बसत नव्हतं. एका रविवारी म्हणाले, "सोपान, पेठपर्यंत येतोस का? तासाभराचं काम आहे." मला वाटलं गाय बघायचीय. तो तासाभराचा रविवार पुढं वर्षानुवर्षं चालला. बायको म्हणायची, लोक रविवारी मटण आणतात, आमचे हे वारा आणायला जातात.

पेठच्या अलीकडं पश्चिमेला तोंड करून एक उघडा उतार आहे. उन्हाळ्यात दुपार कलली की तिकडून वारा येतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. येतो म्हणजे त्याच्या मर्जीनं येतो. आम्ही ऐन उन्हात वर चढायचो. टोपी, पाण्याची बाटली, विमान, आणि वहिनींनी दिलेली चपाती-चटणी. डॉक्टर सालं सोडायचे. सालं त्यांच्या बुटावर पडायची. मी विचारायचो, "जायचं का?" ते म्हणायचे, "आत्ता येईल." अर्ध्या तासानं पुन्हा सालं, पुन्हा बूट. माझं टाळकं तापायचं. म्हणायचो, "डॉक्टर, तुमच्या वाऱ्याला निरोप धाडू का?" ते शांतपणे म्हणायचे, "गाभण गाईला घाई करतोस का तू?" आणि हमखास, अगदी हमखास, आम्ही सगळं आवरून खाली व्हॅनपाशी आलो की वारा सुटायचा. धुरळा डोळ्यांत जायचा. मग हा माणूस पुन्हा वर चढायला निघायचा, आणि मी शिव्या घालत मागं.

माझं काम फेकायचं. डॉक्टर दांड्यांवर अंगठे ठेवून उभे राहणार आणि "फेक" म्हटलं की मी विमान वाऱ्यात सोडायचं. पहिल्या वेळी मी दगड फेकावा तसं वरती फेकलं. ते वर गेलं, थबकलं आणि नाकावर आलं. डॉक्टर किंचाळले, "वर नाही रे! समोर! थोडं खाली! पाण्यात होडी सोडतोस ना, तशी सोड!" मी म्हटलं, "मग तसं आधी सांगायचं!" आमच्या दोस्तीची सुरुवात ही अशी.

एकदा त्यांनी माझ्या हातात ट्रान्समीटर दिला. विमान छान उंच होतं. मी दांडी जरा डावीकडं केली, ते जास्तच वळलं. मी घाबरून उजवीकडं केली, ते त्याहून जास्त वळलं. मग मी दोन्ही दांड्या गच्च धरून चुलीतली लाकडं हलवावीत तशा हलवायला लागलो. डॉक्टर कानाशी ओरडत होते, "दांड्या सोड! सोड म्हणतो ना! तिला उडता येतं, तुला येत नाही!" मी सोडल्या नाहीत. विमान बाभळीत गेलं. ते काढताना दोघांच्या हातांना काटे लागले. डॉक्टर म्हणाले, "नीट बनवलेलं विमान हात सोडले की आपोआप सरळ होतं. बिघडवतो तो आपण." त्या दिवसापासून मला ट्रान्समीटरला बोट लावायची बंदी. मी पण म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा ट्रान्समीटर, मी फेकणारा बरा.

"तिला" म्हणायचे ते विमानाला. गुरांच्या डॉक्टरला दुसरं काय सुचणार? पहिली फोमची होती ती तांबडी. मग कपिला. रंग बघून नावं. तांबडी बाभळीत गेली, कपिला एका विहिरीत. विहिरीचा मालक म्हणाला, "डॉक्टर, पाणी प्यायचं हाय आमचं," आणि डॉक्टर त्यालाच विचारत होते, "दोर आहे का? बॅटरी भिजली असेल तिची."

वारा आला, विमान वर गेलं, सगळं जमून आलं, असं झालं की फोन वाजायचा. माझी यात सगळ्यात जास्त चिडचिड व्हायची. दोन्ही अंगठे अडकलेले, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला धरायचा. एकदा पलीकडून बाई रडत होती, "डॉक्टर, गाय अडलीया वं. सकाळपून कळा देतीया." डॉक्टरांची नजर आभाळात. "काय दिसतंय? पाय का डोकं?" "एक पाय दिसतोय." "खुराचा तळवा वर का खाली?" "आता कसं सांगू? मालक घरी न्हाईत." "बाई, हात लावून बघा. ओढू नका. अजिबात ओढू नका." मग मला म्हणाले, "सोपान, खाली आणतो." मी म्हटलं, "आवो डॉक्टर, उन्हाळाभर वाट बघून आज वारा मिळालाय! तुमच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरांना पाठवा की!" त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विमान गवतात उतरवलं, पंख सोडवले आणि खाली धावत सुटले. गाय वाचली, वासरू वाचलं. वारा गेला. परत येताना व्हॅनमध्ये त्यांच्या हातांना डेटॉलचा वास. त्यांना पण वाईट वाटायचं, पण बोलायचे नाहीत. बोलायचं काम माझ्याकडं होतं, ते मी कळंब येईपर्यंत करायचो.

मग ते ड्रोनचं आलं. मध्ये एकदा आपल्याकडं अफवा उठली होती, आठवत असेल. चोर म्हणे आधी ड्रोन फिरवून घरं हेरतात. गावोगाव लोक गच्चीवर बसायला लागले. बरं, बिबट्या शोधायला ड्रोन, फवारणीला ड्रोन, लग्नात नवरीवर फुलं टाकायला ड्रोन. आभाळात काही हललं की ते ड्रोनच, असा सगळ्यांचा समज पक्का. आणि आम्ही भर दुपारी डोंगरावर विमान घेऊन उभे.

ढवळी, म्हणजे पुढची मोठी पांढरी, त्या दिवशी नव्हती अजून, एक निळी होती. ती मस्त वर तरंगत होती आणि खालून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर वीसेक माणसं काठ्या घेऊन वर येतायत. पुढचा एकजण ओरडला, "ए, ड्रोन खाली घ्या! हालायचं न्हाई!" मी हात वर केले. डॉक्टरांनी नाही केले, त्यांच्या हातात दांड्या. ते आभाळाकडं बघूनच ओरडले, "ड्रोन नाही हा!" तेवढ्यात मागच्या एका म्हाताऱ्यानं ओळखलं. "आरं थांबा, थांबा! हे तर आपलं जनावरांचं डॉक्टर!"

मग काय, काठ्या खाली आणि प्रश्न सुरू. "डॉक्टर, कॅमेरा कुठंय याला?" नाही कॅमेरा. "मंग औषध किती लिटर मावतं?" मावत नाही. "आमच्या उसात बिबट्या हाय, जरा बघून द्या राव." कसा बघू? कॅमेरा नाही. डॉक्टर एकेकाला समजावत होते. याला उडायला मोटर नाही, हे वाऱ्यावर उडतं, घारीसारखं. त्यांना वाटत होतं की लोक आता म्हणतील, वा! मोटर नसून उडतं! लोक ऐकत होते, माना हलवत होते. मग तो पुढचा, काठीवाला, अगदी आपुलकीनं म्हणाला, "समदं खरं डॉक्टर. पर याचा उपेग काय?"

एवढा बोलणारा माणूस, गाईच्या पोटात किती कप्पे ते शाळेतल्या पोरांना रंगवून सांगणारा, त्याला एक शब्द सुचला नाही. विमान उतरवलं. लोकांनी आग्रह करून खाली चहा पाजला, आणि जाताना बजावलं, "पुढल्या टायमाला परवानगी घिऊन या, म्हंजी गडबड नको." परवानगी कोणाची? पोलीस म्हणाले वनखात्याची, वनखातं म्हणालं जागा आमची नाही, ग्रामपंचायत म्हणाली असलं काही आमच्याकडं येत नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, "सोडा ना आता. नाद करायचा तर भजनाचा करा. परवानगी लागत नाही." डॉक्टर म्हणाले, "तू गाडी चालव."

त्यानंतर त्यांच्या डोक्यात घाटघर बसलं. इथं माणसं फार, म्हणाले. तिकडं नाणेघाटाच्या बाजूला, डोंगराच्या अगदी शेवटच्या कडेला जायचं. तिथं सह्याद्री तुटतो, खाली कोकण, आणि कोकणातला सगळा वारा त्या कड्यावर येऊन उभा चढतो. पूर्वी तिकडं लसीकरणाला गेले असताना त्यांनी कड्यापाशी घारी बघितल्या होत्या. जागेवर उभ्या. "सोपान, हलत नव्हत्या रे. खिळ्याला टांगल्यासारख्या." घाटघरच्या कड्यावर, आपण बनवलेलं मोठं विमान, आपल्या हातानं, एकदा तसं उभं करायचं. बाकी त्यांना आयुष्याकडून काही नको होतं, आणि हे एवढंसुद्धा जमेना म्हणून माझा जीव जळायचा.

त्यासाठी ढवळी. पांढरीशुभ्र, लाकडाची, पंख जोडले की माझ्या दुकानाच्या शटरएवढी रुंद. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन हिवाळे तिचं काम चाललं. पंखाच्या कडा त्यांनी जनावरांचे टाके घालायच्या दोऱ्यानं शिवल्या. आणि तिथंच मला पहिल्यांदा दिसलं.

लाकडाची पट्टी कापताना हात हलला आणि सुरी रेघेवरून सरकली. डॉक्टर म्हणाले, "चहा जास्त झाला सकाळपासून." दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकली. मग मी दुकानातून बघितलं, दवाखान्यात धाकटे डॉक्टर इंजेक्शन भरून देतायत आणि हे फक्त टोचतायत. मग टोचायचं पण धाकट्यांकडं गेलं. खिशात हात घालून उभे राहायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टर आता मोठे झाले, हुकूम सोडतात. मला माहीत होतं. वहिनींना माहीत होतं. पुण्याच्या डॉक्टरनं नाव सांगितलं होतं त्या दुखण्याचं, गोळ्या दिल्या होत्या, आणि हळूहळू वाढणार एवढंच सांगितलं होतं. पण पडवळ डॉक्टरांसमोर विषय काढायची सोय नव्हती. काढला की म्हणायचे, "तू पट्टी धर नीट." ढवळीचं अर्धं काम शेवटी माझ्या हातांनी झालं आणि त्यांच्या शिव्यांनी. "अरे कोंबडी कापतोयस का? हळू!" मी म्हणायचो, "मग कापा तुम्ही!" बोलून गेलो की माझं मलाच कसंतरी व्हायचं. ते मात्र हसायचे.

ढवळी तयार झाली, आणि मग सुरू झाले घाटघरचे हेलपाटे. पहिल्या वेळी जुन्नर ओलांडून, आपटाळ्यावरून वळणं घेत गेलो, तर कड्यावर धुकं. समोर हात दिसेना. दुसऱ्या वेळी निम्म्या वाटेत व्हॅनचा क्लच गेला. तिसऱ्या वेळी वारा होता, ऊन होतं, सगळं होतं. डॉक्टरांनी सालं सोडली, सालं सरळ वर गेली. मी ढवळी उचलली. डॉक्टर दांड्यांवर अंगठे ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वारा खराब आहे. चल." मी वेडा व्हायच्या बेतात. "आवो सालं वर गेली की! माझ्या डोळ्यांदेखत गेली!" "खराब आहे म्हणतो ना." परत आलो. पुढच्या वेळी पुन्हा तेच. वारा खराब. मी त्या दिवशी नारायणगावात व्हॅन थांबवून त्यांना तोंडावर बोललो, "डॉक्टर, एकदा काय ते उडवा, नाहीतर मोडून टाका ती ढवळी. मला हे बघवत नाही." डॉक्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी."

मे सरत आला होता. आम्ही दुपारी कड्यावर पोचलो. पर्यटकांची गर्दी सोडून बरंच अलीकडं, करवंदाच्या जाळ्यांपाशी. तिथं घाटघरचा एक म्हातारा करवंदांची पाटी घेऊन टेकला होता. डॉक्टरांना ओळखलं त्यानं, कधीकाळी त्याच्या बैलाचं शिंग बांधलं होतं म्हणे. "बसा की पावणं," म्हणाला, आणि आमच्या हातावर करवंदं ठेवली. ढवळी बघितली, पण काही विचारलं नाही. मला तेच बरं वाटलं.

डॉक्टरांनी खिशातून सालं काढली. बोटं हलत होती, म्हणून सालं सोडावी लागली नाहीत, आपोआप सुटली. आणि सरळ वर. वर, वर, दिसेनाशी होईपर्यंत. समोर दरीवर दोन घारी जागच्या जागी उभ्या होत्या. वारा छातीवर हात ठेवल्यासारखा एकसारखा. यापेक्षा चांगला वारा मी त्या सगळ्या वर्षांत अनुभवला नाही.

"फेक," डॉक्टर म्हणाले.

पाण्यात होडी सोडावी तशी सोडली. ढवळी अजिबात खाली गेली नाही. कड्यापुढं गेली आणि लिफ्टमधून गेल्यासारखी उचलली गेली. मी ओरडलो. म्हातारा उभा राहिला.

आणि मग ढवळी हलायला लागली. डावा पंख खाली, उजवा खाली, डावा, उजवा. बारीक, भराभर, न थांबता. मी डॉक्टरांच्या हातांकडं बघितलं. अंगठे दांड्यांवर होते आणि तसेच हलत होते. दवाखान्यात खिशात लपवलेलं सगळं वर आभाळात दिसत होतं. शेजारच्या घारी शांत उभ्या, आणि आमची ढवळी थरथरतेय.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. दात खाऊन म्हणाले, "वारा खराब आहे आज."

आयुष्यभर मी या माणसाशी प्रत्येक गोष्टीवर भांडलो. म्हटलं, "हो डॉक्टर. लई खराब हाय."

ते आवरायला गेले तसं ते वाढलं. त्यांनी दांडी घट्ट धरली, ढवळी कड्याकडं वळली, खडकाच्या अगदी जवळून गेली, पुन्हा बाहेर आली, पुन्हा आत. दोन हिवाळ्यांचं काम आता फुटणार हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या तोंडून त्यांचेच शब्द निघाले. "डॉक्टर, दांड्या सोडा! सोडा म्हणतो ना! तिला उडता येतं!"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आता कानाखाली देतात. मग पुन्हा वर बघितलं. ढवळीचं तोंड दरीकडं फिरलं, तेवढ्यात त्यांनी दोन्ही अंगठे उचलले.

एक झोका. अर्धा झोका. आणि ढवळी सरळ झाली. पंख समांतर, नाक वाऱ्यात. थरथर नाही, काही नाही. घारींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

म्हातारा म्हणाला, "घारीवानी ऱ्हायली की वं." आणि खाली बसून बघायला लागला.

किती वेळ गेला माहीत नाही. ढवळी उभी होती, पण जागेवर नव्हती. हळूहळू पुढं सरकत होती, कड्यापासून लांब, कोकणाकडं. चढता वारा कड्यापाशीच असतो, तो सोडला की विमान खाली उतरत जातं आणि परत येत नाही, एवढं मलासुद्धा कळायला लागलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर, वळवा आता."

ते बघत राहिले.

"डॉक्टर, अजून माघारी येईल. वळवा की. लांब गेली."

"वळवायला गेलो तर पुन्हा हलेल," डॉक्टर म्हणाले.

मी ट्रान्समीटरला हात घातला. बंदी गेली चुलीत. माझे अंगठे दांड्यांपाशी गेले तेव्हा त्यांनी नुसता आपला हात माझ्या हातावर ठेवला. हलणारा, हलका हात. "राहू दे, सोपान."

मी चिडलो. डॉक्टरांवर, त्या हातावर, पुण्याच्या डॉक्टरवर, बुटावर सालं पडली त्या सगळ्या रविवारांवर. रडू पण येत होतं आणि शिव्या पण. ढवळी बारीक होत गेली. मग खालच्या पांढुरक्या धुरकटात कुठंतरी दिसेनाशी झाली. म्हाताऱ्यानं आम्हाला उरलेली करवंदं बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

परतताना व्हॅनची मागची बाजू रिकामी होती आणि मी त्या रिकाम्या बाजूकडं आरशातून बघायचं टाळत होतो. अंधार पडायच्या आत कळंबला आलो. डॉक्टर उतरले आणि नेहमीसारखे फाटकापाशी थांबले. वहिनी ओरडू नयेत म्हणून आत जायच्या आधी ते तिथं पँटचे खिसे उलटे करून झटकायचे. ते करत होते. खिसा बोटांत धरवत नव्हता, म्हणून वेळ लागत होता. मदतीला उतरलो असतो तर ओरडले असते, म्हणून मी बसून राहिलो. गावातल्या वाऱ्यात सालं त्यांच्या बुटांवर पडत होती.

त्यानंतर ते कधी डोंगरावर आले नाहीत. पुढंही रोज भेटायचे, भिंतीपलीकडून हाक मारायचे, पण डॉक्टर म्हटलं की मला ते फाटकापाशी खिसे झटकताना दिसतात.

त्या संध्याकाळी दुसरा खिसा आत सारून ते माझ्याकडं वळले. म्हणाले, "सोपान, वारा चांगला होता रे आज."

मी गाडी गियरमध्ये टाकली. "कसला चांगला! लई खराब व्हता."